फाइल कोणाच्या हातात?

ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज भरताना नवरा-बायकोला आपल्या संसाराची हकीकत लिहून द्यावी लागते. ओळख कशी झाली, लग्नाचं केव्हा ठरलं, पैशांचा व्यवहार कसा चालतो, घरातली कामं कोण करतं, लांब असताना एकमेकांशी कसं बोलता, पुढं काय करायचं ठरवलंय. प्रत्येक उत्तरामागे पुरावा जोडायचा. हा व्हिसा मिळाला की पुढं कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा, रस्ता उघडतो.

अंबरनाथ पूर्वेला कानसईत राहणाऱ्या अण्णांनी लेकीचा हा अर्ज भरायला घेतला आणि या प्रश्नांपाशी येऊन ते अडले. अण्णा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. लेकीचं लग्न पाहून-ठरवून झालेलं. जावई मेलबर्नला असतो, तिथला नागरिक आहे. रजा संपली तसा तो परत गेला आणि लेक सध्या कधी डोंबिवलीला सासरी, कधी इकडे माहेरी. त्यांच्याच इमारतीत एक वकीलबाई राहते. उल्हासनगरच्या कोर्टात नवरा-बायकोचे खटले चालवते. अण्णांनी तिला दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जाताना पाहिलेलं, त्यामुळे तिच्यावर चिडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि तिलाही त्यांना फटकन सुनावायचा. त्या दोघांचं बोलणं इथं मांडतोय. मधे मीही होतो, आणि माझं मत मी लपवणार नाही.

अण्णा : लग्न आम्ही चारचौघांत लावलं. पत्रिका आहे, फोटो आहेत, नगरपरिषदेचा दाखला आहे. एवढ्यावर त्या व्हिसावाल्या साहेबाचं समाधान होत नसेल, तर माझ्या लेकीनं नवऱ्याला रात्री काय मेसेज केला तो वाचायचा अधिकार त्याला कोणी दिला?

वकीलबाई : दाखल्यावरून लग्न झालं एवढं कळतं, अण्णा. ते चालू आहे का, हे दाखला सांगत नाही. माझ्याकडे घटस्फोटाला येणाऱ्या बहुतेक बायकांच्या पिशवीत तो दाखला असतो.

अण्णा : म्हणजे माझी लेक काय उद्या घटस्फोटाला येणार?

वकीलबाई : तसं मी म्हटलं नाही. तुम्ही विचारलंत ते अधिकाराचं होतं. त्यांच्या मायग्रेशन कायद्यात, १९५८ च्या, 'जोडीदार' म्हणजे कोण हे लिहून ठेवलंय. लग्न कायदेशीर हवं, एकमेकांना धरून आयुष्य काढायचा दोघांचा निश्चय हवा, नातं खरं आणि चालू हवं, आणि दोघं एकत्र राहत असावेत किंवा कायमचे वेगळे झालेले नसावेत. या शेवटच्या वाक्यावर तुमच्या लेकीचा अर्ज उभा आहे. ती इथं, तो तिथं, तरी चालतं. कारण हे वेगळं राहणं कायमचं नाही.

अण्णा : मग एवढं सरळ आहे तर चार खोकी कागद कशाला?

इथं वकीलबाईनं नियम समजावून सांगितला, तो वाचकांच्याही उपयोगाचा आहे. अधिकारी चार बाजूंनी नातं पाहतो. पैसा : एकत्र खातं, एकमेकांना पाठवलेली रक्कम, विम्यात कोणाचं नाव. घर : कुठं राहिलात, भाडं आणि बिलं कोणाच्या नावावर, कामं कोण करतं. समाज : नातेवाईक, मित्र तुम्हाला जोडपं म्हणून ओळखतात का, एकत्र कुठं गेलात. आणि निष्ठा : किती काळ ओळखता, एकमेकांना कसा आधार देता, पुढचा विचार काय. चारही बाजू सारख्या भरल्या पाहिजेत असं नाही. नुकतं लग्न झालेल्या आणि दोन देशांत राहणाऱ्या जोडप्याकडे एकत्र वीजबिल असणार कुठून? ते नाही म्हणून अर्ज फेटाळला जातो असंही नाही. पण जिथं कागद नाही तिथं का नाही, हे लिहावं लागतं. आपली माणसं नेमकी तिथं गप्प बसतात आणि त्याऐवजी लग्नाचा आल्बम स्कॅन करून पाठवतात.

अण्णांनी आल्बम पाठवायलाच काढला होता. जाड पानांचा, मखमली पेटीतला. आम्ही तो उघडून पाहिला. हळदीची दहा पानं, त्यात नवऱ्यामुलाचा पत्ता नाही. मेंदीचे हात, रुखवताचं टेबल, स्टेजवर रांगेत उभे राहिलेले आहेरवाले. सप्तपदीच्या एका फोटोत दोघं एकत्र दिसले, तेही पाठमोरे. वकीलबाईनं लेकीचा फोन मागितला. त्यात जावयाशी झालेलं बोलणं होतं. लेकीनं लिहिलं होतं, 'बाबांची शुगर परत वाढली, डॉक्टरांनी गोळी बदलली.' त्यानं विचारलं होतं, 'कोणती? पावतीचा फोटो पाठव. पैसे टाकतो.' खाली पावतीचा फोटो, त्याखाली बँकेतून पैसे आल्याचा मेसेज, आणि त्याखाली तिनं त्याला झापलेलं, की पैसे नको म्हटलं होतं, बाबांना कळलं तर रागावतील.

अण्णांना ते तेव्हाच कळलं. ते काही वेळ फोनकडे बघत राहिले.

वकीलबाई : तुमच्या आल्बममध्ये पाचशे माणसं आहेत. लग्न इथं आहे.

अण्णा : असेल. पण हे त्यांच्या दोघांतलं होतं. बापालाही जे सांगितलं नाही, ते परक्या सरकारला दाखवायचं? तुला यात काहीच लाजिरवाणं वाटत नाही?

वकीलबाई : मुलीनं आणि जावयानं निवडून दहा-वीस पानं द्यायची, अण्णा. सगळा फोन कोणी मागत नाही. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे त्या दोघांनी ठरवायचं. तुम्हीही नाही आणि मीही नाही.

अण्णा मूळ मुद्दा सोडणाऱ्यांतले नाहीत. आयुध निर्माणीत प्रत्येक सुटा भाग गेज लावून तपासूनच बाहेर जायचा, त्या शिस्तीचा त्यांना अभिमान आहे. पण लग्नाला लावायचं गेज कोणाच्या घरातून आलं, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाला इतिहास आहे, जो वकीलबाईला माहीत असूनही ती बाजूला ठेवत होती. म्हणून तो मी मांडला.

दक्षिण आफ्रिकेत केप प्रांताच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांनी १४ मार्च १९१३ रोजी निकाल दिला. एक मुसलमान हिंदी माणूस आपल्या बायकोला घेऊन आला होता. ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न आम्ही मानत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. एका निकालानं हिंदू, मुसलमान, पारशी अशा हजारो बायका कायद्यानं कोणाच्याच बायका उरल्या नाहीत. याविरुद्ध सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा गांधी फिनिक्स आश्रमातल्या सत्याग्रहींबरोबर ट्रान्सवालची हद्द ओलांडून गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगली. १९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टनं ही लग्नं मान्य केली.

पुढचं प्रकरण १९७९ चं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचं. पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका तिथं स्थायिक झालेल्या वाग्दत्त वराशी लग्न करायला उतरली. तिचं आधीच लग्न झालंय का, या संशयावरून सरकारी डॉक्टरनं तिची कौमार्य चाचणी केली. बातमी फुटल्यावर ही पद्धत बंद झाली. पण संशय गेला नाही. ब्रिटननं १९८० च्या दशकात नियम असा केला होता, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणं हा नाही, हे अर्जदारानंच सिद्ध करायचं. नसलेला हेतू सिद्ध करा! १९९७ मध्ये तो नियम गेला. आणि अगदी अलीकडं, २०१९ मध्ये, न्यूझीलंडनं 'आधी एकत्र राहिलेले असाल तरच जोडीदार' या अटीवर बोट ठेवलं आणि पाहून-ठरवून लग्न केलेल्या भारतीय जोडप्यांचे अर्ज परत येऊ लागले. तिथल्या भारतीयांनी ओरड केली, तेव्हा त्या नोव्हेंबरात अशा लग्नांसाठी वेगळा व्हिजिटर व्हिसा काढावा लागला.

अण्णा : ऐक. मी कुठं चुकलो सांग. त्यांच्याकडं आधी एकत्र राहतात, मग लग्न करतात. त्यांच्या लग्नामागे दोन वर्षांची बिलं असतात. आमच्याकडं लग्नाच्या दिवशी संसार सुरू होतो. त्यांच्या मापानं मोजलं की आमचं लग्न नेहमी कोवळं दिसणार.

वकीलबाई : हे मला मान्य आहे.

मलाही मान्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या नियमात हा कल दिसतो. अर्जाच्या वेळी नातं तीन वर्षांचं असेल, किंवा दोन वर्षांचं असून मूल असेल, तर पीआर लगेचही मिळू शकतो. बाकीच्यांना दोन टप्पे. देशाबाहेरून अर्ज केला तर आधी ३०९ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा, मग १०० क्रमांकाचा कायमचा. तिथं राहून केला तर ८२० आणि ८०१. अर्ज आणि फी एकदाच, पण दुसऱ्या टप्प्याची तपासणी अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होते. चार-पाच वर्षं कॉलेजपासून एकत्र असलेलं जोडपं पहिल्या दिवशी पुढं उभं राहतं आणि कानसईची मुलगी मागं. तिच्या लग्नात खोट आहे म्हणून नाही, तिच्या समाजात लग्नाची सुरुवात नंतर होते म्हणून. फी ९,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, रुपयांत पाच लाखांच्या पुढं. अर्ज फेटाळला तर ती सहसा परत मिळत नाही. निवृत्त माणसानं हे पैसे कुठून उभे केले हे अण्णांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

पण वकीलबाईला आणखी काही म्हणायचं होतं, आणि ते अण्णांना बोचलं.

वकीलबाई : तुम्ही त्यांच्या सरकारला नावं ठेवता. आपल्या सरकारकडं बघा. परदेशी बाई भारतीय माणसाशी लग्न करून अंबरनाथला राहायला आली, तर तिला नागरिकत्वाचा अर्ज करायला इथं सात वर्षं राहावं लागतं. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड हवं असेल तर लग्न नोंदवलेलं हवं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. आणि घटस्फोट झाला की लग्नाच्या जोरावर मिळालेलं ते कार्ड रद्द करता येतं. कोणी कोणाला छळलं, हे आपला कायदा विचारत नाही.

अण्णा : आपल्याकडं परदेशी सुना येतात किती?

वकीलबाई : पुलाच्या पलीकडं उल्हासनगरला जाऊन विचारा.

तिचं बरोबर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधले निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधमध्ये राहिलेल्या नातेवाइकांशी सोयरिकी पुढंही होत राहिल्या. तिकडून लग्न होऊन आलेली सून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, एलटीव्हीवर राहते. मुदत संपत आली की पुन्हा कागद, पुन्हा पोलिसांकडं फेरी. अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्रानं डिसेंबर २०१६ मध्ये ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी होते. त्यामागं उल्हासनगर आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे एलटीव्ही चालू राहतील असा खुलासा आला, पण तो येईपर्यंत ज्या घरातली आई, बायको, सून त्या एका कागदावर राहत होती, त्या घरात काय चाललं असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. कायमच्या वास्तव्याचा कागद नसणं म्हणजे काय, हे समजायला मेलबर्नला जायला नको. आपल्या स्टेशनच्या पुढचं स्टेशन पुरे.

अण्णा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी विषय कागदांवर आणला, आणि तिथं दुसरा वाद निघाला : नावाचा.

लग्न नोंदवताना त्यांनी पुरोहिताची सही, तीन साक्षीदार, नमुना 'ड', सगळं वेळेत केलं होतं. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्याच लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. तरी पुष्कळ घरांत व्हिसाची वेळ आल्यावरच नगरपरिषदेत धावाधाव होते. अण्णांचं तसं नव्हतं. पण सासरच्या हौसेनं लग्नानंतर लेकीचं आधार कार्ड बदललं गेलं होतं. बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं, आडनावही नवं. पासपोर्ट जुन्या नावाचा, पदवी जुन्या नावाची, पॅन जुन्या नावाचं. आता पासपोर्टही नव्या नावाचा करून घ्यावा, मग अर्ज करावा, असं अण्णांचं मत.

वकीलबाई : अजिबात नको. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. आहे तो पासपोर्ट चालतो, लग्नाचा दाखला सोबत जोडला की झालं. नाव बदललंत तर पदवी, नोकरीचे दाखले, पोलिसांचं प्रमाणपत्र, प्रत्येक कागदाला 'ही तीच बाई' असं सांगणारा आणखी एक कागद जोडत बसाल. अर्जात 'इतर कोणत्या नावानं ओळखली जातेस' हा रकाना आहे, तिथं आधारवरचं नाव लिहा. लपवू नका.

अण्णा : रीत म्हणून काही आहे की नाही?

वकीलबाई : घरात हव्या त्या नावानं हाक मारा. तिची पदवी तिच्या नावावर राहू द्या. तिथं पोचल्यावर नोकरी तिला त्या पदवीवर शोधायची आहे.

हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडं बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, तेव्हा तीन शब्दांतला एकच शब्द तिचा उरतो. परदेशी कचेरीतल्या माणसाला ती दोन वेगळ्या बाया वाटली तर त्याचा दोष नाही. आणि त्यापायी अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळू शकतो.

बाकीचे कागद झटपट उरकण्यासारखे आहेत. गेल्या दहा वर्षांत जिथं बारा महिने राहिलात त्या देशाचं पोलीस क्लिअरन्स. आपल्याकडं ते पासपोर्ट खात्यामार्फत मिळतं. ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडं तपासणी. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. जन्मदाखल्यावर आपलं नाव नसेल तर ते आधी घालून घ्या. जुन्या दाखल्यांत ही चूक सर्रास सापडते. एजंट 'गॅरंटी' म्हणाला की त्याच्या दुकानातून उठा. ऑस्ट्रेलियात असा सल्ला देणाऱ्या एजंटला नोंदणी लागते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. इकडं बसलेल्याला तेही बंधन नाही.

खरा मतभेद मात्र यानंतर आला. अण्णांचा आतापर्यंतचा विरोध मानाचा होता. आता भीतीचा विषय निघाला.

वकीलबाई : अर्ज ऑनलाइन कोणाच्या खात्यातून भरताय?

अण्णा : जावयानं खातं उघडलंय. त्याचा ईमेल, त्याचा पासवर्ड. त्यालाच कळतं त्यातलं. तिनं फक्त कागद पाठवायचे.

वकीलबाई : अर्जदार कोण आहे?

अण्णा : ती. पण तो तिचा नवराच आहे ना.

वकीलबाई : अर्जदार ती आहे. तो स्पॉन्सर आहे. सरकारचं प्रत्येक पत्र त्या खात्यात येणार. जास्तीचा कागद मागितला, तर तिथं. व्हिसा मिळाला, तर तिथं. उद्या त्यानं स्पॉन्सरशिप मागे घेतली आणि 'यावर तुझं काय म्हणणं आहे, इतक्या दिवसांत कळव' असं पत्र आलं, तर तेही तिथंच. तिच्या आयुष्याचा निकाल ज्याच्या ईमेलवर येतो, त्याच्याशीच भांडण झालं तर तिला काही कळणारच नाही.

अण्णा : पोरगा तसा नाही.

वकीलबाई : नसेल. फोनवर पाहिला तो, मलाही चांगला वाटला. पण मी रोज ज्या बायका पाहते, त्यांच्या वडिलांनीही हेच म्हटलेलं असतं.

तिनं मग सांगितलं ते सगळ्या मुलीकडच्यांनी ऐकावं. राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. अशा लग्नांची ३० दिवसांत नोंदणी व्हावी म्हणून २०१९ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, त्याचा कायदा झालेला नाही. विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात सर्वंकष कायदा करा अशी शिफारस केली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं २०१८ मध्ये कायदा बदलून हुंड्यापायी होणारा छळ कौटुंबिक हिंसाचारात धरला. मेलबर्न त्याच राज्यात आहे. आणि व्हिसाच्या नियमातही एक दार ठेवलंय : पहिल्या टप्प्याच्या व्हिसावर तिथं गेलेल्या बाईचं नातं नवऱ्याच्या छळामुळं तुटलं, तर तेवढ्यावरून तिचा पीआरचा हक्क जात नाही. छळाचा पुरावा लागतो. कोर्टाचा आदेश, किंवा डॉक्टर, समाजसेवक अशा जाणत्यांचे दाखले. अमेरिकेतही १९८६ च्या कायद्यानं नव्या लग्नाला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड आलं, आणि छळ झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीवाचून अट काढून मागता येते.

वकीलबाई : म्हणून मला ती फाइल हवी वाटते, अण्णा. तुम्हाला वाटतं ती साहेबासाठी आहे. पहिल्या दिवशी असेलही. पण नातं खरं होतं, आपण एकत्र राहिलो होतो, पैसे कोणी दिले, ही सगळी उत्तरं वाईट दिवस आला की तिला स्वतःसाठी द्यावी लागतात. ज्या बाईकडं ती आहेत ती उभी राहते. जिच्याकडं नाहीत तिला परतीचं तिकीट हातात मिळतं आणि ती माझ्याकडं येते.

अण्णा : तू म्हणतेस ते मला कळतं. पण एक सांग. ज्या नियमानं तिला दोन वर्षं त्याच्या भरवशावर टांगून ठेवलंय, तोच नियम नंतर दार उघडून देतो म्हणून त्याचे आभार मानायचे? टांगलं नसतं तर दाराची गरज नव्हती.

वकीलबाईकडं याला उत्तर नव्हतं. मला वाटतं, अण्णांचं हे वाक्य या सगळ्या विषयातलं सर्वांत खरं आहे. कॅनडानं २०१२ मध्ये नव्या जोडप्यांवर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली होती. ती बायकांना छळणाऱ्या नवऱ्याशी बांधून ठेवते हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये काढून टाकली. म्हणजे दुसरा रस्ता आहे, आणि एका देशानं तो चालून दाखवलाय. खोटी लग्नं होतात, पैसे घेऊन होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती पकडायलाच हवीत. पण ती पकडण्यासाठी प्रत्येक खऱ्या बायकोला दोन वर्षं नवऱ्याच्या मर्जीवर ठेवायचं, ही किंमत फार मोठी आहे आणि ती देणारी नेहमी तीच असते.

तरी नियम बदलेपर्यंत अर्ज तर भरायचा आहे. त्यामुळे माझा कौल कागदांच्या बाबतीत वकीलबाईला आहे. खातं लेकीच्या ईमेलवर. सगळ्या कागदांची एक प्रत तिच्याकडं, एक माहेरी. एकत्र खातं उघडाच, पण तिथं पोचल्यावर तिच्या एकटीच्या नावाचंही एक खातं असू द्या, फोनचा नंबर तिचा, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं मेडिकेअर कार्ड तिच्या पर्समध्ये. तात्पुरत्या व्हिसावरही तिला नोकरी करता येते. ती करायला कोणाची परवानगी लागत नाही हे तिला विमानात बसण्याआधी माहीत असावं.

शेवटी राहिलं अण्णांचं निवेदन. तिथल्या ओळखीच्यांनी ८८८ क्रमांकाचा फॉर्म भरायचा असतो. इकडच्या आईवडिलांनी आपल्या शब्दांत लिहिलेलं पत्रही जोडता येतं. अण्णांनी मसुदा करून ठेवला होता. 'मुलगा सुसंस्कृत घराण्यातला असून उभयतांचा विवाह अत्यंत आनंदात पार पडला.'

वकीलबाई : हे कोणत्याही लग्नाबद्दल लिहिता येतं. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. साखरपुड्यानंतर तो किती वेळा आला, दोघं कुठं गेली, लग्नानंतर इथं राहिला तेव्हा काय केलं, कशावरून वाद झाला.

अण्णा : वाद लिहू?

वकीलबाई : झाला होता का?

अण्णा : शिवमंदिरात गेलो होतो सगळे. परत येताना वालधुनीच्या पुलावर दोघांचं वाजलं. ती म्हणाली मी तिकडं येऊन आधी परीक्षा देणार, मूल नंतर. तो म्हणाला आईला काय सांगू. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री त्यानं आपल्या आईला फोन केला आणि सांगितलं, परीक्षा आधी. मी बाहेरच्या खोलीत होतो.

वकीलबाई : हे लिहा. जसं सांगितलंत तसं.

अण्णा : आणि पासवर्डाचं? तू म्हणतेस खातं तिच्या नावावर करून घे. जावयाला काय वाटेल?

वकीलबाई : ते त्यालाच विचारा. त्याला वाईट वाटणार असेल, तर तेही अर्ज भरायच्या आधी कळलेलं बरं.

अण्णांनी मसुद्याचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला तारीख घातली आणि म्हणाले, "मी नाही विचारणार. ती विचारेल."